टॉवेलाखालचं गाणं

नानांचे दोन्ही हात टॉवेलाखाली गेले की ओळखावं, गाणं सुरू झालं. नजर समोर रस्त्यावर, चेहरा कोरा, मांडीवर पांढरा टॉवेल पसरलेला आणि त्या टॉवेलाखालून 'टीव टीव टिटिव' असा आवाज. नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्यानं कोंबडीचं पिल्लू लपवलंय. एका कुरिअरवाल्यानं तर "आजोबा, गुदमरंल ना ते," म्हणत टॉवेलाला हात घातला होता. नानांनी त्याच्या मनगटावर अशी चापट मारली की तो सही न घेताच निघून गेला.

टॉवेलाखाली पिल्लू नसतं. तळहातात मावणारं, बटणांचं, गेम खेळायचं चिनी यंत्र असतं. ते मीच त्यांना विकलेलं आहे, त्यामुळे नानांना पडणाऱ्या शिव्यांतल्या निम्म्या माझ्या वाट्याला येतात. सावेडीतल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि नाना बरोबर माझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहतात. ते मला 'डाक्टर' म्हणतात. मी मोबाईल उघडतो, आत बघतो, मान हलवतो आणि 'उद्या या' म्हणतो, एवढ्या पुण्याईवर ही पदवी मला मिळाली आहे.

नाना मूळचे घोडेगावचे. उभा जन्म तिथल्या जनावरांच्या बाजारात म्हशींची दलाली केली. ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांना सांगतो, तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांचे हात हातात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून सौदा करतात. कुठलं बोट, किती बोटं, किती वेळा, ह्यावर सगळा हिशेब. पटलं नाही तर मूठ मिटायची, पटलं तर उघडायची. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव कळतो दोघांनाच. "तोंडानं भाव फुटला की बाजार नासला," असं नाना म्हणतात. आणि कोणी फारच खोदून विचारलं, तर त्यांचं एक ठरलेलं उत्तर आहे, "टावेलाखालचं टावेलाखाली."

बाजार सुटला, पण टॉवेल सुटला नाही. नानांना उघड्या हातानं काही करता येत नाही. टीव्हीचा रिमोट टॉवेलाखाली, मोबाईलचा नंबर टॉवेलाखाली. "बोटास्नी डोळं लागत न्हाईत," हा त्यांचा सिद्धांत. मी एकदा त्यांना टचस्क्रीनचा फोन देऊन पाहिला. तो टॉवेलाखालून त्यांनी थेट पोलीस ठाण्यात लावला, आणि पलीकडचा "बोला" म्हणाला तर हे त्यालाच विचारतात, "तुमी कशाला लावला?"

इठामावशींशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, ते असेच बोलतात. मावशींना काही वर्षांपासून ऐकू येत नाही. संध्याकाळी दोघं बाल्कनीत शेजारी बसतात, मध्ये टॉवेल, टॉवेलाखाली हात. इमारतीतल्या लोकांना वाटतं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. प्रत्यक्षात आत भाकरी किती करायच्या ते चाललेलं असतं. एकदा भर बाल्कनीत मावशींनी मूठ मिटली आणि पदर झटकून आत गेल्या. मी खालून विचारलं, "काय झालं नाना?" तर म्हणाले, "येक जादा मागितली."

ह्या माणसाला गाण्याचा नाद लागला तो माझ्या दुकानात. मावशींच्या कानाचं यंत्र बिघडलंय का बघायला दोघं आले होते. यंत्र ठणठणीत होतं, तसं सांगून मी ते मावशींच्या कानात बसवलं. पण एरवी मावशी ते घालत नसत, गव्हाच्या डब्यात ठेवत. घातलं की सगळे आवाज एकदम अंगावर येतात आणि एकही कळत नाही, अशी त्यांची तक्रार. नानांनी ती मला नीट समजावून सांगितली. "भर बाजाराचा कालवा हुतो बघ तिच्या कानात. एवढ्या म्हशी वरडत्यात, पन आपली कोनती त्येच कळंना." हे चाललेलं असताना मी एका बाजूला एका फोनचा स्पीकर तपासत होतो. मला जुन्या गेमचा नाद. लहानपणचं हातातलं गेमचं यंत्र आता मिळत नाही, पण त्याची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर मिळतं, त्याला इम्युलेटर म्हणतात. स्पीकर तपासायला मी त्यातला एक गेम लावला. टीव टिटीव टीव.

नाना एकदम थांबले. मावशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "ह्यो आवाज मला पायजे."

"नाना, हा गेमचा आवाज आहे."

"असूं दे. ह्यातनं गानं निघतंय का?"

निघतं. जगात पुष्कळ वेडे लोक आहेत आणि त्यांनी ह्या जुन्या यंत्राच्या टिवटिवीतून गाणी करायचा प्रोग्रॅमही करून ठेवला आहे. तो इम्युलेटरवर चालतो. टचस्क्रीनचा अनुभव ताजा होता, म्हणून मी बटणांचं चिनी यंत्र दिलं. इम्युलेटर म्हणजे काय ते सांगताना माझ्या तोंडाला फेस आला. हे यंत्र ते यंत्र नाही, पण ते यंत्र असल्यासारखं वागतं, वगैरे. नानांनी मध्येच हात वर केला. "बहुरूपी हाय म्हन की. सोंग पोलिसाचं, आत आपला गंगाराम." त्यानंतर मी गिऱ्हाइकांनाही असंच सांगतो. इंटरनेटवर इतकी चांगली व्याख्या नाही.

खरी मजा पुढे आहे. त्या जुन्या यंत्रात आवाज चारच. दोन टोकदार, एक गुबगुबीत आणि एक नुसती खरखर, ताल धरायला. मी म्हटलं, "एवढ्यात भागवायचं, पाचवा नाही." मला वाटलं, हिरमुसतील. पण नाना खूश. "चार बैलं लई झाली." त्यांनी लगेच नावं ठेवली. पहिला धवळ्या, दुसरा धवळा नव्हे म्हणून काळ्या, गुबगुबीत तो गेंद्या आणि खरखरणारा तो म्हातारा. "म्हातारा खोकतोय लई, जरा कमी कर," असं ते मला जिन्यावरून ओरडून सांगतात. एकदा ते ऐकून वरच्या मजल्यावरचे खरे म्हातारे गृहस्थ रुसले होते.

सुरांचं त्याहून अवघड. प्रोग्रॅममध्ये सूर इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि नानांचं इंग्रजीशी जमत नाही. त्यांनी अक्षरं तोंडावळ्यावरून ओळखली, जनावरं ओळखतात तशी. सी म्हणजे चंद्रकोर. डी म्हणजे अर्धी भाकरी. ई म्हणजे फणी, आणि एफ म्हणजे खालचा दात पडलेली, मोडकी फणी. ए ही शिडी. बी म्हणजे उभा केलेला चष्मा. जी कशासारखा दिसतो ते दोन दिवस सुचलं नाही, मग म्हणाले, "डूल." झालं, नानांचं संगीतशास्त्र पुरं झालं. टॉवेलाखाली बोटं चालायची, मधूनच टॉवेलाची कड उचलून चोरून स्क्रीनकडे बघायचं आणि तोंडानं पुटपुटायचं, "फनी, फनी, चंद्रकोर, अर्धी भाकर." मी सर्किटला डाग देताना हेच म्हणत असतो असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. ते खरं आहे.

पण एक गोष्ट मला कळत नव्हती. प्रोग्रॅम हाताशी आला की माणूस चार गाणी करील, भजन करील, लग्नातली करील. नाना एकच गाणं करत होते. छोटंसं, वर जाऊन खाली येणारं, कुठल्याच ओळखीच्या गाण्यासारखं नसलेलं. रोज करायचे, रोज मोडायचे. मी विचारलं, जमलं का, की मान हलवायचे. "न्हाई. पान्हा न्हाई सोडत अजून." म्हैस आचळात दूध उतरवते त्याला पान्हा सोडणं म्हणतात, हे मला माहीत होतं. गाण्यानं पान्हा सोडायचा म्हणजे काय, हे मात्र माहीत नव्हतं. म्हटलं असेल दलालीतली भाषा.

आता तुम्ही म्हणाल, एवढुसं यंत्र, एवढुसा आवाज, त्याचा त्रास तो काय? तर नानांच्या घराचं दार कधी बंद नसतं. मावशींचं माहेर शनिशिंगणापूर. जिथे घरांना दारंच नाहीत तिथे वाढलेली बाई, बंद दार दिसलं की तिचा जीव घाबरा होतो. त्यामुळे आमच्या जिन्यात पहाटेपासून धवळ्या, काळ्या, गेंद्या आणि म्हातारा मोकळे चरायला सोडलेले असत. आणि नानांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये पाठकबाई. सोसायटीच्या सेक्रेटरी, आणि शास्त्रीय गायनाचे वर्ग घेतात. एके दिवशी त्यांची एक विद्यार्थिनी भूपातली तान घेता घेता नानांच्या गाण्यात शिरली. पाठकबाई तानपुरा ठेवून उठल्या त्या थेट माझ्या दुकानात.

"ते यंत्र परत घ्या."

"मी कसं घेऊ? त्यांनी विकत घेतलंय."

"मग त्यांना हेडफोन द्या. बायकोला ऐकू येत नाही म्हणून ह्यांना मोकळं रान मिळालंय. आम्हाला कान आहेत!"

हे बोलणं इमारतीत आधीच चालू होतं. बायको बहिरी म्हणून नवरा सुटलाय, असं लोक हसून म्हणायचे. मीही हसायचो. मी नानांना चांगल्यातले इअरफोन नेऊन दिले. त्यांनी ते उलटसुलट केले आणि माझ्या खिशात परत घातले. "माझ्या कानात घालून काय उपेग?"

शेवटी पाठकबाई स्वतः त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. नाना खुर्चीवरून उठले, टॉवेल खांद्यावर टाकला. बाईंशी ते फार अदबीनं बोलतात. म्हणाले, "बाई, तुमचं खरं हाय. मला पोळ्यापतूर मुदत द्या. तवर जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर यंतर डाक्टरच्या हवाली करतो, पुन्हा हात लावनार न्हाई." बाई मऊ आवाजाची सवय नसल्यासारख्या गोंधळल्या आणि बरं म्हणाल्या.

पोळा जवळ आला तसे नाना सुकायला लागले. चेहरा उतरला, दाढी वाढली, भाकरी एक कमी झाली. दुकानात येऊन बसायचे आणि नुसते बोटं मोडायचे. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, कुठलं गाणं आहे हे? मला सांगा, मी इंटरनेटवर शोधून तयार मिळवून देतो."

"त्ये तिथं न्हाई घावायचं."

"का?"

"एका म्हशीला नि मला, दोघान्लाच ठावं हाय."

मग त्यांनी सांगितलं. बाजारातून त्यांनी एकदा एक मुऱ्हा म्हैस घरी आणली. दिसायला देखणी, पण धारेला बसलं की लाथ. चार माणसांनी हात टेकले. मग इठामावशी बसल्या. त्यांनी काही तरी गुणगुणलं, शब्द नाहीत, नुसता गळ्यातला सूर, आणि म्हशीनं डोळे मिटून पान्हा सोडला. त्यानंतर रोज तसंच. नानांनी दलालाच्या धर्माला जागून ती म्हैस चांगल्या गिऱ्हाइकाला दिली. आठवडा झाला नाही तोच गिऱ्हाईक म्हैस घेऊन दारात हजर, लंगडत. म्हणाला, थेंब देत नाही. मावशी पुढे झाल्या, गुणगुणल्या, चरवी भरली. गिऱ्हाईक बघत राहिला आणि म्हणाला, "मंग ह्या बाई पन द्या संगं, सौद्यात."

नाना हसले. "तसा मी सौदाच मोडला. म्हैस ठिवून घेतली. मरंपतूर आमच्या दावनीला हुती."

"आणि मावशी?"

"कान गेलं तवापास्नं गुनगुनत न्हाई. म्हनती, माझं मलाच ऐकू येत न्हाई, भसाडं निघत आसंल, लोक हसत्याल." नानांनी टॉवेलाची कड बोटाला गुंडाळली. "त्या दिशी हितं तू त्यो खेळ लावला न्हाई का? टिवटिव वाजलं, आन तिनं मान वळवली. तुझं ध्यान नव्हतं. मी बघितलं. माझं बोलनं तिला कळत न्हाई, पोराचं फोनवर कळत न्हाई, देवळातली घंटा कळत न्हाई. पन त्या आवाजाला मान वळवली, डाक्टर. एवढ्या कालव्यात येक आवाज तिला निराळा वळखू आला."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला, तो शोधायच्या निमित्तानं मी बराच वेळ टेबलाखाली राहिलो. तिथून वर आल्यावर म्हटलं, "मग त्यांना ऐकवून बघितलं का?"

"बघितलं की. चारी बैलं जुपून ऐकवलं. म्हनली, पुना बाजारच भरला." ते उठले. दाराशी जाऊन थांबले आणि वळून म्हणाले, "मंग तीन सोडाय पायजेत का रं?"

पोळ्याच्या दिवशी नानांनी मला आणि पाठकबाईंना जेवायला बोलावलं. बाई मुदत संपल्याची आठवण करून द्यायच्या तयारीनं आल्या होत्या, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. हॉलमध्ये पाटावर मातीचे चार बैल मांडले होते. एकाला झूल आणि माळ घालून पुढे ठेवलं होतं, बाकीचे तीन मोकळे, बाजूला, त्यांच्यापुढे भिजवलेली डाळ. "ह्या तिघांस्नी सुट्टी," नाना म्हणाले. बाईंना काही कळलं नाही. मला कळलं, धवळ्या एकटा राहिला.

मावशी समोरच स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होत्या. नानांनी गव्हाच्या डब्यात हात घालून कानाचं यंत्र काढलं, फुंकर मारली आणि मावशींपुढे धरलं. त्यांनी मान नकारार्थी हलवली. नानांनी टॉवेल टाकून हात हातात घेतला, आत बरीच बोटं दाबली. मावशी कुरकुरत यंत्र कानात घालून पुन्हा पोळपाटाकडे वळल्या.

नाना खुर्चीत बसले. हात टॉवेलाखाली गेले. एकच आवाज आला, साधा, सरळ, मागेपुढे कोणी नसलेला. फणी, फणी, चंद्रकोर, अर्धी भाकरी. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

लाटणं थांबलं.

मावशी उठल्या. पिठाच्या हातानंच आल्या, नानांच्या शेजारी बसल्या आणि टॉवेलाखाली हात घातला. मी नानांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो पडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मूठ दिली," नाना म्हणाले. "म्हनती, न्हाई पटत."

मी यंत्र परत कसं घ्यायचं ह्याचा विचार करायला लागलो, मला फार वाईट वाटत होतं. आणि तेवढ्यात मावशींनी जिभेनं 'च्च' केलं, शाळेतल्या बाई चुकलेल्या गणितावर करतात तसं, आणि गायला लागल्या. गायला म्हणजे गुणगुणायला. कित्येक वर्षं न वापरलेला गळा, तोही नको इतका मोठा, फाटका. खालपर्यंत गेला असणार तो आवाज. हाताची मूठ मिटलेलीच, आणि त्या नानांकडे रागानं बघत गात होत्या, जणू सांगत, असं असतं ते, असं, म्हशीलाही कळत होतं आणि तुम्हाला एवढ्या वर्षांत कळू नये.

पाठकबाई पुढे सरकल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते. हळूच म्हणाल्या, "नाना, तुमचा दुसरा सूर अर्धा वर घ्या."

"वर?" नानांचा अंगठा टॉवेलाखाली हलला. "म्हंजे फनी न्हवं. मोडकी फनी!"

"मोडकी काय?" बाईंनी डोळे उघडले.

तोवर नानांचा टॉवेलाखाली अंगठा चालला. ह्या वेळी त्यांनी कड उचलून बघितलंसुद्धा नाही. फणी, मोडकी फणी, चंद्रकोर, अर्धी भाकरी. गाणं पुन्हा सुरू झालं आणि मावशी गाता गाता त्याच्याबरोबर चालायला लागल्या. एकदा मागे पडल्या, मग गाठलं. यंत्र वर गेलं की त्याही वर, यंत्र खाली आलं की त्याही खाली. गॅस मंद करायचा राहिला होता आणि तव्यावरची पोळी करपत होती. ती उतरवायला पाठकबाई उठल्या. स्वयंपाकघरात त्या बराच वेळ काही तरी पुसत होत्या.

टॉवेल मला समोरून दिसत होता. त्याखाली मिटलेली मूठ सैल झाली, टॉवेलाचा उंचवटा बसला. मग आत बोटं हलली, दाबली गेली, पुन्हा दाबली गेली. मावशींचं गुणगुणणं चालूच होतं. नाना मान खाली घालून हसत होते आणि नाकाच्या शेंड्यावरून पाणी टॉवेलावर पडत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, आणि काढायचाही नव्हता.

मी शेवटी विचारलंच, "नाना, काय म्हणाल्या हो मावशी?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. भर बाजारात भाव विचारणाऱ्या आगाऊ माणसाकडे बघावं, तसं.

"टावेलाखालचं टावेलाखाली, डाक्टर," ते म्हणाले. "तू पोळी खा."